क्रॅम्प कुठल्या पायात आला होता?

"क्रॅम्प आला, काका! क्रॅम्प!"

ऑक्टोबरातली सकाळ. राजाराम तलावात काठापासून जेमतेम तीस मीटरवर मी उभी होते. उभी म्हणजे कसली उभी? पायाखाली काहीच नव्हतं, आणि तीच तर सगळी भानगड होती. दहा-बारा हात मारून झाले होते. गॉगलमधून खाली बघितलं तर नुसता हिरवट काळोख. स्वतःच्या हाताची बोटंसुद्धा धड दिसेनात. छातीत कोणीतरी ड्रिल मशीन चालू केलं. श्वास घ्यायला डोकं वर काढलं, तर अर्धा श्वास आणि अर्धा तलाव आत गेला. त्यानंतर मी जे काही केलं त्याला पोहणं म्हणत नाहीत. आमच्या आजोळी त्याला गटांगळ्या खाणं म्हणतात.

काका हवा भरलेली ट्रकची ट्यूब ढकलत माझ्यापर्यंत आले. ट्यूबला मिठी मारून मी काठावर आले, एका दगडावर बसले आणि बरोबरच्या सगळ्यांना सांगून टाकलं, "काही नाही रे, क्रॅम्प आला. काल प्रॅक्टिकलला तीन तास उभी होते ना!"

सगळ्यांना पटलं. रूमीनं तर पाय चोळूनही दिला. मी चेहरा वाकडा करून 'आई गं' सुद्धा म्हटलं. लंगडत लंगडत हॉस्टेलवर आले, मेसचे पोहे खाल्ले (त्यावर कोटी नको, प्लीज) आणि लेक्चरला गेले. कॉन्व्हेंटमध्ये असताना गॅदरिंगला नाटकात मला कायम झाडाचा रोल मिळायचा. त्या बाईंनी त्या दिवशी माझा अभिनय बघायला हवा होता!

मुळात मी या भानगडीत पडले कशी, ते सांगते. मी ठाण्याची. कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आले आणि इथल्या हवेत काय असतं कोण जाणे, पहिल्याच वर्षी सेकंडहँड सायकल घेतली. रविवारी पन्हाळ्यापर्यंत जायचं, गडावर झुणका-भाकर हाणायची आणि उतारावर ब्रेक दाबत परत यायचं. पळण्याचीही सवय लागली. सेकंड इयरला शहरातल्या एका तरणतलावात नाव घातलं आणि वर्षभरात बऱ्यापैकी फ्रीस्टाइल जमायला लागली. आणि मग एक दिवस जिमखान्याच्या बोर्डावर कोणीतरी कागद लावला: जानेवारीत स्प्रिंट ट्रायथलॉन. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. मी हिशेब केला. २० किलोमीटर म्हणजे आमचा पन्हाळा. ५ किलोमीटर पळणं रोजचंच. ७५० मीटर म्हणजे २५ मीटरच्या टँकच्या ३० फेऱ्या, आणि मी ४० मारत होते. सोप्पंय की! नाव देऊन मोकळी झाले.

हा खेळही तसा आपल्यासारख्याच उद्योगी लोकांनी काढलेला. १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे आजच्या पद्धतीची पहिली ट्रायथलॉन झाली. १९७८ साली हवाईमध्ये पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा सुरुवातीला उभे राहिले फक्त १५ जण आणि त्यातले १२ शेवटपर्यंत पोचले. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. आता या शर्यतीत पोहणं सगळ्यात आधी असतं. कारण साधं आहे. दमलेला माणूस सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला बसू शकतो, दमलेला धावपटू चालू शकतो. दमलेल्या माणसाला पाण्यात सोडणं बरं नव्हे. म्हणून जे सगळ्यात अवघड ते आधीच उरकून घ्यायचं. आपण सबमिशनच्या वेळी नेमकं उलटं करतो, पण असो.

माझ्या हिशेबात एकच चूक होती. टँकचे ३० लॅप म्हणजे तलावातले ७५० मीटर, हे समीकरण मी मांडलं होतं. पण टँकमध्ये दर २५ मीटरला भिंत असते. तिला हात लावायचा, लाथ मारायची, फुकटात दोन-तीन मीटर पुढे जायचं. तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून नाकासमोर जायचं. पाणी असं की खाली पडलेली हेअरपिन दिसावी. तलावात भिंत नाही, रेघ नाही, तळ नाही. समीकरणातल्या सगळ्या बाउंडरी कंडिशन्सच कोणीतरी पुसून टाकलेल्या!

आणि खरं सांगायचं तर ही भीती जुनीच होती. सातारा जिल्ह्यात माझं आजोळ आहे. मे महिन्याच्या सुट्टीत सगळी मामे-मावस भावंडं मळ्यातल्या विहिरीवर पडीक. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि द्यायचं ढकलून. तीन दिवसांत डबा सुटायचा, आठवड्यात पोरं वरून मुटके मारायला लागायची. मी नऊ वर्षांची असताना मलाही डबा बांधला होता. चार पायऱ्या उतरले, खाली बघितलं. काळंशार पाणी, त्यात आभाळाचा एक गोल तुकडा आणि त्या तुकड्यात माझंच एवढंसं डोकं. तशीच वर आले ती डबा सोडूनच. "माझ्या पोटात दुखतंय," म्हणाले. सगळी सुट्टी मी विहिरीच्या कठड्यावर बसून भावंडांचे कपडे सांभाळले. म्हणजे बघा, बहाण्याची परंपरा माझ्याकडे पहिल्यापासूनच आहे. तेव्हा पोट होतं, आता पाय!

दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन तलावावर गेले. पोहायला नाही, राहिलेला टॉवेल आणायला. काका आंघोळ आटोपून, केस पुसत बसले होते. काका म्हणजे तलावावर रोज पोहणाऱ्या मंडळींतले सगळ्यात ज्येष्ठ. वय सत्तरीच्या आसपास. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेलं. त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला आणि विचारलं,

"काय गं पोरी, क्रॅम्प कुठल्या पायात आलता?"

"उजव्या."

"मग काल लंगडत डाव्या पायानं का गेलीस?"

मेले! मी काहीच बोलले नाही. काकाही हसले नाहीत. शांतपणे टॉवेल पिळत म्हणाले, "पाय दुखला म्हणून सांगायला लाज न्हाई वाटत, मग भ्या वाटलं म्हणून सांगायला का वाटती? लेथ आवाज करायला लागली की आम्ही काय करायचो? आधी बंद करायची, मग आवाज कुठनं येतोय ते बघायचं. तू आवाज एकीकडचा आणि सांगत्यास दुसरीकडचा. मग दुरुस्त काय करायचं मी?"

सायकल हातात धरून हॉस्टेलपर्यंत चालत आले. शाळेत आम्ही भीतीला 'नर्व्हस' म्हणायचो. 'आय ॲम अ बिट नर्व्हस, मिस.' इंग्रजीत म्हटलं की ती कशी इस्त्री केलेली, नीटनेटकी वाटते. काकांचा 'भ्या' मात्र ओल्या फडक्यासारखा तोंडावर बसला. हो, भ्याच वाटलं होतं. पाय दोन्ही ठणठणीत होते.

रात्री झोप येईना. मग माझ्या डोक्यात दुसराच एक क्रॅम्प सुरू झाला. सेकंड इयरचा माझा एम-थ्री राहिला होता. घरी मी 'सगळे सुटले' म्हणून सांगितलं होतं. बाबांनी सोसायटीत पेढे वाटले होते. त्या पेढ्यांची चव अजून माझ्या तोंडात होती, आणि ती गोड नव्हती. रूमीला माहीत होतं. तिला मी कारण सांगितलं होतं, 'पेपरच आऊट ऑफ सिलॅबस होता गं.' कुठल्या पायात क्रॅम्प आला होता, हे तिनंही विचारलं नव्हतं.

सकाळी परत तलावावर गेले. काकांना म्हटलं, "काका, मला भीती वाटते. तळ दिसत नाही त्याची. आणि श्वास पुरत नाही असं वाटतं."

"आत्ता कसं! चल, पाण्यात ये."

इथून खरा अभ्यासक्रम सुरू झाला. पहिला आठवडा नुसतं छातीएवढ्या पाण्यात उभं राहायचं. थंड पाण्यात शिरताच जो हबका बसतो, श्वास अडकतो, तो शरीराचा आपोआप होणारा प्रकार आहे. त्वचेला एकदम गार लागलं की माणूस धापा टाकायला लागतो. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त, त्यामुळे २२ अंशांची हवा आल्हाददायक आणि २२ अंशांचं पाणी बर्फ! पण हा हबका मिनिट-दोन मिनिटांत आपसूक ओसरतो. त्या वेळात पोहायला लागायचं नाही, नुसतं थांबायचं. मी पहिल्या दिवशी पाण्यात शिरल्या शिरल्या हात मारायला लागले होते. म्हणजे इंजिन गार असताना थेट टॉप गिअर.

मग काकांनी सांगितलं, तोंड पाण्यात घाल आणि बुडबुडे सोड. एवढंच. मी घातलं, आणि बुडबुडे येईनात! तेव्हा लक्षात आलं की पाण्याखाली मी श्वास सोडतच नव्हते. दाबून धरत होते. टँकमध्ये तळ दिसायचा म्हणून आपोआप सुटायचा, इथे भीतीनं कोंडला जायचा. आता गंमत बघा. आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ते मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून नाही, तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. छाती आधीच भरलेली, तिच्यात नवीन हवा मावणार कुठे? म्हणजे मला वाटत होतं श्वास घेता येत नाही, आणि प्रत्यक्षात मला सोडता येत नव्हता. भरलेल्या बादलीत नळ सोडून 'पाणी का भरत नाही' म्हणून रडण्यातला प्रकार.

दुसरा आठवडा उताणं तरंगण्याचा. हे मला आजवर कोणी शिकवलंच नव्हतं, म्हणजे शिकवलं होतं आणि मी 'हे काय लहान मुलांचं' म्हणून टाळलं होतं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात आर्किमिडीजवर मला पैकीच्या पैकी मार्क आहेत. छातीत हवा असेल तर बहुतेक माणसांची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी असते, म्हणजे माणूस तरंगतो. पण किंचितच! शरीराचा थोडासाच भाग पाण्याबाहेर राहू शकतो. मी घाबरून चार-पाच किलोचं डोकं वर काढलं की तेवढ्याच हिशेबानं कंबर आणि पाय खाली जाणार. पाय खाली गेले की आपण उभे, आणि उभा माणूस पोहत नसतो. वर्गात मी हे आकृती काढून सिद्ध केलं असतं. पण पाण्यात मान मागे सोडून, कान बुडवून, आभाळाकडे बघत पडायला मला नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी काकांनी पाठीखालचा हात कधी काढला ते कळलंच नाही. पाण्यात कान बुडले की स्वतःचा श्वास ऐकू येतो. आभाळ मोठं दिसतं, विहिरीतल्यासारखं गोल तुकड्याएवढं नाही.

आता थोडं रेक्टर मॅडमबद्दल लिहायला हवं, नाहीतर हा अंक त्यांच्या हातात पडल्यावर माझी काही खैर नाही. आमच्या लेडीज हॉस्टेलचं गेट सकाळी सहाला उघडतं. तलावावर पावणेसहाला पोचायला हवं. अर्ज घेऊन गेले. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "पोहायला? या थंडीत? बरोबर कोण?" मी काकांचं, ग्रुपचं, ट्यूबचं सगळं सांगितलं. आणि सवय लागली होती म्हणून हेही सांगून टाकलं की मला भीती वाटते, म्हणूनच रोज जायला हवं. मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमचं गाव कृष्णेच्या काठावर. भाऊ सगळे पट्टीचे पोहणारे. आम्हा बहिणींना मात्र घाटावर धुणं धुवायचं, गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. अजून मला पोहता येत नाही." आणि अर्जावर सही केली. अट एकच, रूमी बरोबर पाहिजे. बिचारी रूमी! तीन महिने ती काठावर शाल गुंडाळून, वायव्हाचे प्रश्न पाठ करत बसली. तिला ओरल्सला जे मार्क मिळाले त्यातला निम्मा वाटा माझ्या भीतीचा आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून काठाला समांतर पोहणं. कधीही उभं राहता येईल एवढ्या खोलीत. मग थोडं खोल. कमरेला दोरीनं बांधलेला केशरी फुगा, डोक्याला भडक रंगाची टोपी, कधीही एकटीनं नाही. तळाला रेघ नाही म्हणून दर सहा-आठ हातांनंतर डोळे फक्त पाण्याबाहेर काढून समोरची खूण बघायची. माझी खूण म्हणजे पलीकडच्या काठावरचं एक वाकडं झाड. मगरीसारखं बघायचं, बदकासारखं नाही, असं काका म्हणायचे.

एक दिवस पायाला काहीतरी गुळगुळीत लागलं. शेवाळ असणार, पण त्या क्षणी मला तो साक्षात कालिया वाटला. परत ते ड्रिल मशीन, परत तोच हिरवा काळोख. 'क्रॅम्प' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो गिळला आणि ओरडले, "काका, भीती वाटली!" आणि उताणी झाले. कान पाण्यात. फूऽऽ करून श्वास सोडला. एक, दोन, तीन... दहा मोजले. काका ट्यूब घेऊन जवळ आले पण हात लावला नाही. म्हणाले, "गेली?"

"जातेय."

"जाऊ दे निवांत. गाडी सुटायची न्हाई."

खरंच गेली. मला आजवर वाटायचं की धीट माणसांना भीती वाटतच नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "मला अजून वाटती. पावसाळ्यात पंचगंगेचं गढूळ पाणी बघितलं की वाटती. म्हणून तर मी पुरात उतरत न्हाई. भ्या चुगलखोर असतं पोरी, पण खोटारडं नसतं. ते काय सांगतंय ते ऐकून घ्यायचं." माझ्या भीतीनंही खरंच सांगितलं होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की, बाई, तुला तरंगता येत नाही, तुला श्वास सोडता येत नाही. मीच तिला पायदुखी म्हणून मेडिकल लीव्हवर पाठवत होते.

दिवाळीला घरी गेले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. बुडबुडे सोडतात तसा एकदा पूर्ण श्वास सोडला आणि सांगितलं, "बाबा, माझा एम-थ्री राहिलाय. मागच्या वर्षीपासून. मी खोटं सांगितलं होतं."

बाबांनी पेपर खाली ठेवला. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "नक्की काय येत नाही त्यातलं?" आणि मला काकांची आठवण झाली. कुठल्या पायात? मी म्हटलं, "लाप्लास येतं. फुरिअर येत नाही. कधी समजलंच नाही, आणि विचारायची लाज वाटली." बाबा म्हणाले, "मग विचार आता." बस्स, एवढंच. सुट्टीनंतर मी मॅथ्सच्या सरांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिले. सरांनी फुरिअर सीरिज पहिल्यापासून समजावली, दोनदा. डिसेंबरात पेपर दिला.

आणि जानेवारी उजाडला. शर्यतीच्या सकाळी पाण्यावर धुकं होतं. दंडावर मार्करनं नंबर लिहिलेला. शिट्टी झाली आणि सगळे एकदम पाण्यात. काकांच्या शाळेत सगळं शिकले होते, फक्त गर्दी शिकले नव्हते! कोणाचा हात पाठीवर, कोणाची टाच गॉगलवर. दोनेकशे मीटरवर पिवळा बॉय तरंगत होता. तिथवर पोचेपर्यंत ड्रिल मशीन पूर्ण वेगात. पण या वेळी मला काय करायचं ते माहीत होतं. या खेळाचा एक नियम मला फार आवडतो. दमलात, घाबरलात, तर बॉयला किंवा थांबलेल्या होडीला धरून विश्रांती घेता येते. तिच्या आधारानं पुढे मात्र सरकायचं नाही. तुम्ही बाद होत नाही. मदत हवी असेल तर हात वर करायचा. मी बॉयला लटकले.

होडीतला मुलगा म्हणाला, "ताई, काढू का भाईर?"

"नको. भीती वाटतेय. दोन मिनिटं थांबते."

"थांबा की निवांत!"

ओळख ना पाळख, त्या मुलाला मी हे किती सहज सांगितलं! तेवढ्यात बॉयच्या दुसऱ्या बाजूला धपकन एक हात पडला. चांगला सहा फुटी, तालमीत तयार झालेला गडी. डोळे गॉगलबाहेर यायचे बाकी. धापा टाकत म्हणाला, "क्रॅम्प... क्रॅम्प आलाय."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "कुठल्या पायात?"

त्यानं जरा विचार केला. "...दोन्ही."

मला हसू आलं. पाण्यात हसलं की श्वास आपोआप सुटतो, हा शोध मला तिथे लागला. मी म्हटलं, "दादा, मला पण भीती वाटतेय. पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडा, दहा मोजा." त्यानं एकदा होडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंड पाण्यात घातलं. दहापर्यंत आम्ही दोघांनी मोजले. मग तो माझ्या डावीकडून आणि मी त्याच्या उजवीकडून, असे निघालो. समोर वाकडं झाड. मगरीसारखं बघायचं. खाली तोच हिरवा काळोख होता. तो काही माझ्यासाठी स्वच्छ झाला नव्हता. फक्त त्याच्यावर मला तरंगता येत होतं.

पाण्यातून बाहेर आले तेव्हा माझ्या मागे फक्त तिघं होते. सायकलवर काही जणांना मागे टाकलं, पळताना काही जणांनी मला टाकलं. ते सगळं कोणत्याही शर्यतीत होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेवटच्या रेषेवर काका होते, रूमी होती आणि मफलर गुंडाळून रेक्टर मॅडम! मॅडमनी विचारलं, "पाणी फार गार होतं का गं?" त्यांच्या विचारण्याची तऱ्हा अशी होती की पुढच्या वर्षी काकांच्या शाळेत एक नवं ॲडमिशन होणार, असा माझा अंदाज आहे.

नंतर कुठेतरी वाचलं की आरती साहानं १९५९ साली इंग्लिश खाडी पोहताना पहिला प्रयत्न अर्धवट सोडला होता. महिन्याभरात तिनं परत पाण्यात उतरून, २९ सप्टेंबरला, खाडी पार केली. खाडी पोहणारी पहिली आशियाई स्त्री! वय फक्त १९. आपलं कोल्हापूर तर वीरधवल खाडेचं गाव. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहलेला मुलगा इथला. अशा गावात राहून तीस मीटरवर घाबरले हे सांगायची मला लाज वाटत होती. आता वाटत नाही. तीस मीटरवर घाबरले नसते तर बहुधा तीनशे मीटरवर घाबरले असते, आणि तिथे काका नसते.

एक मात्र हात जोडून विनंती. हे वाचून उद्या कोणी तलावात, नदीत किंवा धबधब्याखालच्या डोहात उडी मारायला जाऊ नका. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या ट्रिपची बातमी आपण वाचतोच. 'चल रे, काय होतंय' म्हणणारा मित्र आणि 'थांब की निवांत' म्हणणारा माणूस यांत फरक असतो. दुसरा शोधा. आणि भीती वाटली तर 'क्रॅम्प' म्हणू नका, 'भीती' म्हणा. क्रॅम्पवर लोक पाय चोळून देतात. भीतीवर इलाज करायचा तर ती आधी सांगावी लागते.

हो, एम-थ्रीचा निकाल लागला. एक्केचाळीस मार्क. बाबांना फोन केला तर म्हणाले, "म्हणजे काठावर पास?"

म्हटलं, "हो बाबा, काठावर!" तीन महिने काठाकडे डोळे लावून पोहलेल्या मुलीला यापेक्षा चांगला निकाल कुठला असणार?